दापोलीचं झाडांचं कॉलेज

दापोलीला जाऊन आलेल्या कुणाही मैत्रिणीला विचारा. मुरूडचा समुद्र, हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि येताना पिशवीतून आणलेली आमसुलं नि फणसपोळी, एवढं सगळं ती एका दमात सांगेल. गावाला अजून ‘कॅम्प’ का म्हणतात तेही सांगेल, कारण इथे पूर्वी इंग्रजांच्या फौजेची छावणी होती. पण त्याच गावात लाल मातीच्या चढउतारांवर शेतीचं आणि जंगलाचं एक मोठं विद्यापीठ पसरलेलं आहे, तिथे आत जाऊन आलात का, असं विचारलंत तर “बाहेरून पाटी पाहिली हो!” एवढंच उत्तर येईल. म्हणून या वेळी तुम्हांला समुद्रावर न नेता तिकडेच न्यायचं ठरवलंय.

आम्ही तिथे गेलो त्यालाही तसंच कारण घडलं. माझ्या वन्संची धाकटी मुलगी बारावी सायन्स झाली. सीईटीत गुणही बरे पडले. घरात सगळे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या गोष्टी करत असताना एके दिवशी पोळ्या लाटता लाटता पोरीने जाहीर केलं, “मला फॉरेस्ट्रीला जायचंय.” वन्संच्या हातातलं उलथनं हातातच राहिलं. “अगं, जंगलात जायला कॉलेज कशाला लागतं?” असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचे यजमान पेपर खाली ठेवून म्हणाले, “आणि परत यायला काय लागतं तेही विचार तिला.”

हसण्यावारी नेण्याइतकं ते सोपं नव्हतं मात्र. वन्संच्या सासरची गुहागरकडे सात-आठ एकर वरकस जमीन आहे. वरकस म्हणजे डोंगरउताराची, भात न होणारी. घरातली सगळी माणसं पोटापाण्यासाठी बाहेर पडलेली. शिमग्याला जाऊन देवाला नारळ ठेवून यायचं, एवढाच त्या जमिनीशी संबंध उरलेला. त्या डोंगरावरची झाडं सरसकट तोडायला एका लाकडाच्या ठेकेदाराने मागितली होती. रोख पैसे देणार होता. ते आले की खाजगी कॉलेजची पहिल्या वर्षाची फी निघेल, असा घरातला हिशेब. म्हणजे बघा, डोंगर तोडून मुलीला इंजिनिअर करायचं, आणि मुलगी म्हणतेय मला डोंगरच शिकायचाय! चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलेना. शेवटी मीच मध्ये पडले. म्हटलं, पसंतीक्रमाचा फॉर्म भरायच्या आधी ते कॉलेज एकदा डोळ्यांनी तरी बघून येऊ. मी शाळेत दोन दिवसांची रजा टाकली, आणि वन्सं, त्यांचे यजमान, भाची नि मी असे चौघं गाडीने निघालो.

कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलं की चिपळूण, तिथून खेड आणि खेडहून वर दापोली. जुलैचे दिवस. घाटाच्या अलीकडे आमची काळी माती नि ऊस, आणि घाट उतरल्याबरोबर विटेच्या रंगाची लाल माती नि पायरी-पायरीची भातखाचरं. आमच्या कऱ्हाडला वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दापोलीला साडेतीन हजारांच्या घरात. आणि तरीही एप्रिल-मे आला की कोकणातल्या कितीतरी वाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत असतात. मी मुलांना भूगोल शिकवते तेव्हा हे वाक्य फळ्यावर लिहिते खरी, पण त्याचं कारण मला त्या कॉलेजच्या आवारात नीट कळलं. जांभ्याचा दगड म्हणजे चाळणी. वरून कितीही ओता, पाणी खाली निघून जातं. आणि उतार असा, की जे मुरत नाही ते दोन तासांत खाडीला मिळतं. जाताना माती घेऊन जातं ते वेगळंच. तेव्हा इथे माती, पाणी आणि झाड हे तीन वेगळे विषय धरून चालतच नाही.

कॉलेजची थोडी माहिती सांगते. दापोलीचं कृषी महाविद्यालय १९६५ सालचं. पुढे १८ मे १९७२ रोजी कोकणासाठी वेगळं कृषी विद्यापीठ झालं आणि ते दापोलीलाच आलं. २००१ मध्ये त्याला डॉ. बाळासाहेब सावंत यांचं नाव देण्यात आलं. देशातल्या कृषी विद्यापीठांतून वनशास्त्राची पदवी साधारण १९८५ च्या सुमारास सुरू झाली, आणि आज दापोलीत शेतीचं जसं कॉलेज आहे तसं वनशास्त्राचंही आहे. दोन्ही पदव्या चार-चार वर्षांच्या.

आवारात शिरल्यावर वन्संनी सगळ्यांत आधी काय पाहिलं असेल? मुलींचं वसतिगृह. ते बघून झालं तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल पडला. मुली छत्र्या नि रेनकोट सांभाळत, चिखलाने भरलेल्या बुटांनी इकडून तिकडे चालल्या होत्या, आणि त्यात काही विशेष आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. शेतीच्या कॉलेजातल्या मुलींना शेवटच्या वर्षात खेडेगावात जाऊन शेतकऱ्यांबरोबर काम करावं लागतं. पेपरात ‘कृषिकन्यांनी दाखवलं प्रात्यक्षिक’ असे मथळे येतात ना, त्या ह्याच मुली.

पण माझं पाऊल अडकलं ते रोपवाटिकेत. तुम्ही माझ्याबरोबर असतात तर तुम्हीही तिथून हलला नसतात! शेडमध्ये बायका रांगेने बसून आंब्याची कोयकलमं बांधत होत्या. आपण आंबा खातो आणि कोय टाकून देतो. इथे रायवळ आंब्याच्या ताज्या कोयी वाफ्यात पेरतात. त्यांतून कोंब वर येतो, त्याची पानं सुरुवातीला तांब्याच्या रंगाची असतात. हिरवी व्हायच्या आत, पंधरा दिवसांचं बाळ असतानाच, ते रोप कोयीसकट उपटतात. शेंडा छाटून खोडाला मधोमध उभी चीर देतात. हापूसच्या झाडाची तीन-चार महिन्यांची काडी घेऊन तिला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करतात, ती त्या चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळतात. मग मातीच्या पिशवीत लावून सावलीत ठेवायचं. एक बाई हे सगळं करताना शेजारणीशी सुनेबद्दल बोलत होती, आणि हात मात्र घड्याळासारखे चालले होते. पूर्वीची भेटकलमं करताना झाडाखाली माच बांधून, रोपांच्या कुंड्या फांदीपर्यंत चढवून महिनोन्महिने ठेवाव्या लागायच्या. कोयकलमाचं तंत्र बसल्यापासून कलमं थोड्या जागेत, मोठ्या संख्येने व्हायला लागली. त्यातच १९९० साली सरकारने रोजगार हमीला जोडून फळबागा लावायची योजना आणली, आणि कोकणातले उघडे डोंगर आंबा-काजूने भरत गेले.

आंब्याचं एक सांगायलाच हवं. हापूस एक वर्ष लागतो नि एक वर्ष रुसतो, शिवाय कापल्यावर आत कधी पांढरा साका निघतो, हे आपल्याला पेटी घेतल्यावर कळतं. या विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ केला, तो १९८१ सालचा. तो दरवर्षी धरतो, आणि त्यात साका नसतो. पुढे रत्ना नि हापूसपासून ‘सिंधू’ केला, १९९२ मध्ये. त्याची कोय इतकी पातळ की मुलं बाठ चोखायला भांडणारच नाहीत. तरी बाजारात राज्य हापूसचंच आहे. गिऱ्हाईक म्हणून आपण सगळ्या बायका हट्टी, हे त्यामागचं एक कारण असावं असं माझं मत.

काजूच्या वेंगुर्ला जातींबद्दलही बरंच ऐकलं, पण कोकमाची गोष्ट मला जास्त आवडली. कोकमाच्या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. बी लावून झाड वाढवलंत तर सात-आठ वर्षं पाणी घालून शेवटी कळतं की हा नर निघाला, याला रातांबे येणारच नाहीत! आणि अशी निम्मी झाडं निघतात. म्हणून कलम घ्यायचं. त्यातही गंमत अशी, की कलमाची काडी आडव्या फांदीची असेल तर झाडही आडवंच पसरत जातं, सरळ वाढत नाही. १९९७ साली काढलेल्या ‘कोकण अमृता’ जातीचे रातांबे पावसाआधी तयार होतात. आमसुलं वाळवणाऱ्या बाईला विचारा याचं मोल. रातांबे पिकायला आणि पाऊस कोसळायला एकच गाठ पडली, की अर्धा माल झाडाखालीच कुजतो.

आता भाचीच्या विषयाकडे वळते. वनशास्त्राच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आम्हांला सगळीकडे फिरवत होती. वन्संच्या यजमानांनी तिला सरळ प्रश्न टाकला, “पोरी, चार वर्षं तुम्ही इथे नेमकं शिकता काय?” ती म्हणाली, “काका, पुष्कळ गोष्टी, पण आधी झाड मोजायला.” आणि तिने मोजूनच दाखवलं. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाभोवती टेप गुंडाळायची. आलेल्या घेराला ३.१४ ने भागलं की खोडाची जाडी. उंचीचा अंदाज घेतला की लाकूड किती निघेल त्याचा हिशेब मांडता येतो. “सगळा डोंगर मोजायचा असेल तर?” तर डोंगराच्या माथ्यावर, मध्यावर आणि पायथ्याला दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असे चौकोन आखायचे. असा एक चौकोन म्हणजे जवळजवळ एक गुंठा. त्यातली झाडं जातवार मोजायची. त्यावरून चाळीस गुंठ्यांचा एकर नि एकरांवरून डोंगर. “ठेकेदार नुसत्या नजरेने डोंगर मागतो, कारण मालकाने मोजलेला नसतो,” असं ती म्हणाली. यजमान काही बोलले नाहीत, पण खिशातून पेन काढून त्यांनी १.३७ हा आकडा पार्किंगच्या पावतीच्या मागे लिहून घेतलेला मी पाहिला.

संध्याकाळी पाऊस उघडला तसे मुरूडला जाऊन आलो. समुद्र होताच, पण माझं लक्ष वाड्यांकडे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. ज्या घरांचा वर्षाचा खर्च सुपारीवर निघायचा, त्यांच्या अंगणात पुन्हा लावलेली रोपं उभी होती. रोप लावल्यापासून सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं तरी लागतात. तितकी वर्षं त्या घरातली बाई किराणा कशावर भरते, हा प्रश्न मला वादळापेक्षा मोठा वाटला.

दुसऱ्या दिवशी दाभोळला उतरून फेरीबोटीने पलीकडे धोपाव्याला गेलो. गाडीसकट बोटीत चढायचं आणि खाडी ओलांडायची. मुलांना घेऊन जाल तेव्हा हा प्रवास चुकवू नका. तिथून गुहागरकडे, वन्संच्या त्या डोंगरावर. माझ्या पर्समध्ये शिवणाची टेप असते, दीडशे सेंटिमीटरची. ब्लाउजची मापं घ्यायची ती टेप आईन-किंजळीच्या खोडाभोवती फिरेल असं वाटलं नव्हतं! भाची मोजायची, मी वहीत लिहायची, वन्सं छत्री धरायच्या, आणि यजमान वेलींत कोयत्याने वाट करायचे. जळवा होत्या, बरं का. मीठ जवळ ठेवा.

तीन चौकोन मोजून झाले. बहुतेक आईन आणि किंजळ, हाताच्या मनगटापेक्षा थोडे जाड ते मांडीएवढे. पूर्वी केव्हातरी तोडलेल्या खुंटांना फुटलेले पाच-पाच, सहा-सहा फुटवे. पण पायथ्याच्या चौकोनात चार चांगले खैर निघाले आणि दोन शिवण, सरळसोट. ठेकेदार सगळंच जळाऊ म्हणून मागत होता. खैरापासून कात होतो, शिवणीच्या लाकडाला सुतार हौसेने हात घालतो. ती झाडंही त्याच ढिगात फुकट गेली असती. शिवाय खैरासारखी काही झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. तसा १९६४ सालचा कायदा आहे. ठेकेदाराने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं.

तिथे राहणारी एक शेजारीण, वय साठीच्या पुढे, आम्ही काय करतोय ते बघायला वर आली. ती याच डोंगराचा पाला तोडून भाताच्या राबासाठी नेते, याच डोंगरातले रातांबे गोळा करते, आणि डोंगराखालच्या पऱ्यातलं पाणी भरते. पलीकडचा एक डोंगर दाखवून म्हणाली, “तो तोडलानी, तेव्हापासून तिकडचा पऱ्या दिवाळीलाच सुकतो.” वन्सं बराच वेळ तिकडे बघत होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फारच थोडं आहे. जे हिरवं दिसतं ते बहुतेक असं कुणा ना कुणाच्या मालकीचं. म्हणजे मुंबई-पुण्यात, कऱ्हाड-सांगलीत राहणारी आपल्यासारखी माणसं सही करतात, आणि पाणी त्या शेजारणीचं जातं. फक्त गावच्या देवरहाटीला कुणी कोयता लावत नाही, देवाच्या भीतीने का होईना. देवरहाटीतून चालताना पायाखालची जमीन स्पंजासारखी दबत होती.

झाडं ठेवायची म्हणजे नुसती ठेवून भागत नाही, हेही त्या दापोलीच्या मुलीने सांगून ठेवलं होतं. एका खुंटाच्या पाच-सहा फुटव्यांतला सरळ असेल तो एक राखायचा, बाकीचे जळणाला काढायचे. मग तो जाड होतो. मोकळ्या जागेत काजूची कलमं सात-सात मीटरवर, बांधाला माणग्याचा बांबू. खाजगी जमिनीतला बांबू तोडायची पूर्वी कटकट असायची, पण २०१७ च्या दुरुस्तीने कायद्याच्या लेखी तो ‘झाड’ राहिलेला नाही. उताराला आडवे समतल चर काढायचे. पहिले दोन उन्हाळे कलमांना पाणी हवं, त्यासाठी जलकुंड. चार मीटर लांब, एक मीटर रुंद नि एक मीटर खोल खड्डा घेतला तर त्यात चार हजार लिटर पाणी राहतं. तळाला भाताचा पेंढा, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, पाऊस संपताना भरून घ्यायचा आणि वरून झाकायचा. आणि सगळ्यांत मोठा शत्रू वणवा. फाल्गुन-चैत्रात कुणीतरी टाकलेली एक विडी पाच वर्षांची बाग अर्ध्या तासात खाते. म्हणून हिवाळा संपायच्या आत जमिनीच्या कडेने गवत काढून जाळरेषा करायला हवी. त्या दिवशी घरचं माणूस हजर पाहिजे, आणि आमची अडचण तिथेच आहे.

नोकऱ्यांचंही खरं ते सांगते. वनखात्याच्या जागा स्पर्धा परीक्षेतून, आणि त्या थोड्या. भारतीय वनसेवेला तर मुलींनाही चार तासांत १४ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. हे ऐकल्यावर वन्सं म्हणाल्या, “ही सकाळी दुधाला जायला कुरकुर करते!” बाकी मुलं बँकांत, रोपवाटिकांत, पुढच्या शिक्षणाला जातात. इंजिनिअरिंगसारखा कॉलेजातच पगाराचा कागद हातात पडेल असं कुणी आम्हांला सांगितलं नाही, आणि ते सांगितलं नाही म्हणूनच मला ती माणसं बरी वाटली.

परत आल्यावर ठेकेदाराला ‘यंदा नाही’ असं कळवलं. ‘कधीच नाही’ म्हणायला यजमान अजून तयार नाहीत. फॉर्मवर पहिली पसंती दापोलीच्या वनशास्त्राची आहे, दुसरी अकोल्याची, आणि तिसरी, वन्संच्या समाधानासाठी, दापोलीच्याच शेतीची. खाजगी कॉलेजची फी वाचली तरी वसतिगृह, मेस, येणं-जाणं हा खर्च आहेच. त्यासाठी वन्संनी भिशी लावली आहे.

तुम्हांला जायचं असेल तर जूनअखेर ते ऑगस्ट हे दिवस कलमं घ्यायला चांगले. परसात जागा असेल तर कोकमाचं एक कलम जरूर आणा. जागा थोडीच असेल तर आंब्याच्या मोहात पडू नका, हापूसला चारी बाजूंनी दहा मीटर मोकळे लागतात. कलम घेताना जोड घट्ट आणि सरळ आहे ना ते बोटांनी बघा. लावताना जोड मातीच्या वर राहू द्या, प्लॅस्टिकची पट्टी राहिली असेल तर जोड पक्का झाल्यावर हलकेच सोडवा, आणि जोडाच्या खालून फुटणारा प्रत्येक कोंब खुडून टाका. तो वाढू दिलात तर काही वर्षांनी दारात रायवळ उभा असेल.